नवे पॅड, आणि मग घाट

नवे ब्रेक पॅड टाकून गाडी गॅरेजमधून बाहेर येते, तेव्हा तिचे ब्रेक अजून पुरते तयार झालेले नसतात. हे दर गाडीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगतं मात्र क्वचितच कुणी. बिल होतं, किल्ली हातात येते, गॅरेजमधला पोरगा म्हणतो, "ताई, आता एकदम कडक ब्रेक लागतील," आणि आपण त्या भरवशावर गर्दीत शिरतो. पॅड नवा म्हणजे ब्रेक उत्तम, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात पहिले दोन-तीनशे किलोमीटर हा त्या पॅडचा सगळ्यात कच्चा काळ असतो.

इंदूरकरांना तर ही गोष्ट जास्तच लागू पडते. आपलं शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. रोजच्या रस्त्यांना चढउतार असा नाहीच. पण दक्षिणेला कुठेही निघा, महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, विंध्याचा काठ ओलांडून निमाडात उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. महूवरून जाम दरवाज्याकडे जा, सिमरोलवरून खंडवा रस्त्याला लागा, नाहीतर मानपूरवरून धामनोदला. घाट चुकत नाही. धामनोदच्या अलीकडचा गणेश घाट तर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. इतका, की शेवटी तिथे सौम्य उताराचा वेगळा मार्ग बांधावा लागला. म्हणजे वर्षभर ज्या ब्रेकची कधी कसोटी लागत नाही, त्याची एका सुट्टीच्या सकाळी, गाडीत सगळं घर बसलेलं असताना, एकदम लागते. आणि आपली पद्धत काय? "उद्या महेश्वरला जायचंय, आज जरा ब्रेक बघून घ्या."

आमच्याकडेही असंच ठरत होतं. आईला बऱ्याच दिवसांपासून महेश्वरला नर्मदेच्या घाटावर जाऊन बसायचं होतं. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून हळू ब्रेक लावला की बारीक किणकिण यायला लागली होती. पॅड झिजत आला की त्याला लावलेली पोलादी पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासायला लागते आणि असा आवाज करते. ती त्यासाठीच ठेवलेली असते. फूटी कोठीच्या बाजूला आमचं नेहमीचं गॅरेज आहे. तिथले दादा मूळचे बऱ्हाणपूरचे. पोरांशी हिंदीत बोलतात, आमच्याशी मराठीत. मी त्यांना म्हटलं, या वेळी सिरॅमिक टाकू या, आणि वर हेही सांगितलं, की परवा आईला घेऊन महेश्वरला निघायचंय.

ते चाक खोलता खोलता थांबले. म्हणाले, "ताई, पॅड आज टाकतो. पण परवा मावशींना घेऊन घाट नाही उतरायचा. आठ दिवस शहरात चालवा, पॅड बसू द्या, मग खुशाल जा."

मी कार्यक्रम पुढे ढकलला. आईने एका शब्दानेही का म्हणून विचारलं नाही, "गाडीचं काम आहे ना, मग होऊ दे नीट," एवढंच म्हणाली. पण मला त्या आठ दिवसांमागचं कारण समजून घ्यायचं होतं. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी सिरॅमिक म्हणजे काय ते. हा शब्द ऐकला की अनेकांच्या डोळ्यांपुढे महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क येतात. पोर्शेने 2001 च्या सुमारास आपल्या 911 वर दिल्या, त्या. तो प्रकारच निराळा. तिथे डिस्कच कार्बन-सिरॅमिकची असते आणि तिची किंमत आपल्या अख्ख्या गाडीशी स्पर्धा करते. आपण बोलतोय ते पॅडबद्दल. डिस्क तीच, साधी, बिडाची. तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडच्या मसाल्यात लोखंडी तंतू आणि भुकटीऐवजी सिरॅमिकचे तंतू, निरनिराळे भराव, कधी थोडं तांबं, आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन. नेहमीच्या सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाने साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याहून जास्त धातू असू शकतो. सिरॅमिकचा फायदा असा, की आवाज कमी, डिस्कची झीज कमी, आणि रिमवर बसणारी ती चिकट काळी भुकटी जवळपास दिसेनाशी होते. तोटाही आहे आणि तो विकणारा सांगत नाही. धातू उष्णता वाहून नेतो, सिरॅमिक तितकी नेत नाही. मग ती डिस्कमध्येच जास्त राहते. जड गाडी, सतत भरलेला टप, मागे ट्रॉली, असं असेल तर सेमी-मेटॅलिकच बरा. शहरात फिरणारी छोटी हॅचबॅक आणि अधूनमधून घाट, याला सिरॅमिक चांगला. पाय ठेवल्या ठेवल्या पकड किंचित मऊ वाटते, पण एकसारखी वाढत जाते, आणि मला तरी ती तशीच आवडते.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बऱ्याचदा आकड्यांच्या रांगेत दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी, जीएफ अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं चांगलं आणि दुसरं त्याहून खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. डब्यावरच्या रंगीत चित्रापेक्षा ही दोन अक्षरं वाचा.

आता काम. मी स्टूल घेऊन शेजारीच बसले होते. डाव्या चाकाचे जुने पॅड निघाले तेव्हा आतला जवळजवळ संपलेला आणि बाहेरचा बऱ्यापैकी शिल्लक. दादांनी कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची, स्लाइड पिन रबराच्या टोपणातून ओढून काढली. ती सुकलेली होती, मधोमध तपकिरी गंजाचा पट्टा. कॅलिपर याच पिनांवर मागेपुढे सरकतो. पिन अडकली, की पिस्टनच्या, म्हणजे दाब देणाऱ्या दट्ट्याच्या, बाजूचा आतला पॅड एकटाच राबतो आणि सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो. त्यांनी पिन एमरीने घासली, पुसली, तिला सिलिकॉनचं ग्रीस अगदी पातळ लावलं. "साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं ताई, मग पिन पुन्हा जाम," हे पोराला ऐकू जाईल अशा आवाजात. त्याच पोराने हवेची नळी उचलली, चाकातली भुकटी उडवायला, तर त्याच्या हातावर चापटी बसली. ती भुकटी उडवायची नसते, ओली करून पुसायची असते. विसाव्या शतकात बराच काळ ब्रेकच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते श्वासातून जाऊन गॅरेजमधल्या माणसांची फुप्फुसं निकामी करायचं. ॲस्बेस्टॉसला पर्याय शोधता शोधताच, 1980 च्या दशकात, सिरॅमिक पॅड आले. आजच्या बहुतेक पॅडमध्ये ते नसलं तरी कोणतीही बारीक भुकटी छातीत भरून घ्यायची वस्तू नाही, आणि अजून कित्येक गॅरेजमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलं तोंडाला फडकंही न बांधता ती उडवत बसतात. मला ते बघवत नाही.

मग डिस्क. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याशी मापून बघितली. हबवर जिथे डिस्क बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला; तिथे कणभर गंज राहिला तर डिस्क तिरपी फिरते. आणि मग डिस्कच्या दोन्ही तोंडांवर एमरी पेपर गोल गोल फिरवत त्यांनी जुनी चकाकी पार घालवली. आधी ती आरशासारखी होती, नंतर दुधट, बारीक ओरखड्यांची. शेवटी ब्रेक क्लीनरने धुतली, आणि त्यानंतर तिला कुणी बोट लावलं नाही.

ही चकाकी का घालवायची, हेच या सगळ्यातलं मर्म आहे. ब्रेक लागतो म्हणजे पॅड डिस्कला खरवडतो, एवढंच आपल्याला वाटतं. तेही होतंच. पण नीट बसलेल्या पॅडचं बरंचसं काम दुसऱ्याच तऱ्हेने चालतं. तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर अतिशय पातळ थर देऊन बसतो आणि मग पॅड त्या थरालाच धरतो. एकाच जातीचे दोन पदार्थ एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि त्यात गाडीचा वेग उष्णता होऊन जातो. सिरॅमिक पॅडचं तर मुख्य बळ याच थरावर. बिडाचा नवा तवा तेलाचे थर चढवल्याशिवाय धिरडं सोडत नाही, तसं डिस्कचं आहे, तीही बिडाचीच. जुन्या, वेगळ्या जातीच्या पॅडचा थर तसाच ठेवून वर नवा चढवायला गेलं, तर दोन्हींची सरमिसळ होते आणि एकसारखं काहीच राहत नाही.

हा थर गॅरेजमध्ये चढत नाही. तो रस्त्यावर, चालवणाऱ्याच्या पायाने चढतो. म्हणून मी म्हणते, की पॅड बदलण्याचं अर्धं काम आपल्याकडे असतं. आपल्या इंदूरपासून जवळ, पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. तिथली 11.3 किलोमीटरची अतिवेगवान चाचणी धावपट्टी 2021 च्या जूनमध्ये सुरू झाली, आणि ब्रेक तपासायला तर तिथे वेगवेगळ्या पृष्ठभागांचे खास ट्रॅक आहेत. गाड्यांच्या ब्रेकची परीक्षा तिथे होते. पण फूटी कोठीला टाकलेला पॅड पीथमपूरला जात नाही. तो जो चालवतो त्यानेच बघायचा.

पॅडच्या डब्यात घडी घातलेला एक कागद होता. तो बहुतेक ठिकाणी डब्याबरोबरच कचऱ्यात जातो. मी मागून घेतला. प्रत्येक कंपनीची रीत थोडी निराळी असते आणि आपल्या पॅडचा कागद सांगेल तेच खरं, पण गाभा सारखाच. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाला जायचं, मध्यम, सलग दाबाने वेग जवळजवळ चालण्याच्या गतीपर्यंत उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये अर्धा-एक मिनिट डिस्कला वारा लागू द्यायचा, आणि हे आठ-दहा वेळा. मग पुढचा टप्पा थोड्या जास्त वेगावरून. चाकं घसरतील किंवा एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू होईल इतकं दाबायचं नाही. शेवटी ब्रेकला शक्यतो पाय न लावता दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती चालवत ठेवायची.

रविवारी उजाडताना मी सुपर कॉरिडॉरला गेले. भाच्याला बरोबर घेतलं होतं, सतत मागे बघायला. मागून कुणी येत असेल तर तो "मावशी, थांब" म्हणणार आणि मी ब्रेक लावणार नाही, असं ठरलं होतं. रस्ता रुंद आहे, त्या वेळी मोकळा असतो, पण सायकलवाले आणि धावणारे असतात, तेव्हा ज्या तुकड्यात चिटपाखरू नाही तोच धरायचा. ताशी 60 वरून 10, पुन्हा 60, पुन्हा 10.

भाचा अभियांत्रिकीला आहे, त्याने शेजारी बसून मोबाइलवर हिशेब मांडला. गाडी आमच्या दोघांसकट 1100 किलो धरली, तर 60 वरून 10 वर येताना साधारण दीड लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होते. पुढच्या चाकांच्या वाट्याला त्यातली दोन-तृतीयांश, म्हणजे एक लाख. दोन्ही पुढच्या डिस्क मिळून 10 किलोच्या धरल्या, तर एका वेळेला त्या वीस-बावीस अंशांनी तापतात. एकदा ब्रेक लावून काहीच होत नाही. ओळीने लावले तरच तापमान पायरी पायरीने चढतं. म्हणूनच ते लागोपाठ करायचं आणि म्हणूनच मध्ये थोडा वाराही द्यायचा. फार भरभर केलं तर रेझिन जळतं, पॅडच्या तोंडावर काचेसारखी पपडी येते आणि तो कायमचा निसरडा होतो.

पहिल्या काही वेळा पेडलखाली ओळखीचं काही नव्हतं. पाय जात होता, गाडी हळू होत होती, पण पकड कुठून सुरू होते ते कळत नव्हतं. नंतर वास यायला लागला. उग्र, थोडा गोडसर, तापलेल्या रेझिनचा. तो वास म्हणजे दादांच्या आठ दिवसांचं उत्तर. नवा पॅड पहिल्यांदा चांगला तापतो तेव्हा त्यातलं रेझिन वायू सोडतं. तो वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये अडकतो आणि पॅड क्षणभर वायूच्या पडद्यावरच घसरतो. पेडल घट्ट लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, आणि गाडी थांबत नाही. सुपर कॉरिडॉरवर, सपाटीवर, पुढे कुणी नसताना हे झालं तर पाय काढायचा आणि गाडी निवू द्यायची. जामच्या घाटात वळणावर झालं तर?

तिथला हिशेब भाच्याने विचारायच्या आत केला. घाटात गाडी 300 मीटर खाली उतरली, तर 32 लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. आम्ही सकाळी करत होतो त्या ब्रेकच्या बावीसपट, आणि मध्ये वारा देण्याची सोय आपल्या हातात नाही. न बसलेले पॅड घेऊन तिथे उतरणारा माणूस ही पहिली तापवणी थेट उतारावर करत असतो.

पुढच्या खेपांना मात्र पाय आणि गाडी यांच्यात बोलणं सुरू झालं. पेडल वर पकडायला लागलं, दाबाच्या प्रमाणात वेग उतरायला लागला, वास कमी होत गेला. मग आम्ही विमानतळाच्या बाजूने लांबचा फेरा मारून गाडी निवत ठेवली. या वेळात सिग्नलला गाठ पडली तर पेडल दाबून उभं राहायचं नाही. पुढे जागा सोडून हळूहळू सरकत राहायचं. लालबुंद नसली तरी डिस्क खूप गरम असते. पॅड तिला एकाच जागी दाबून धरला तर तिथे त्याचा ठसा उमटतो, थर तेवढ्यापुरता जाड होतो. नंतर महिनाभराने ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गॅरेज म्हणतं, डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, थर कमीजास्त बसलेला असतो. नुसता पुन्हा नीट साफ करून बसवला असता तर भागलं असतं अशा कित्येक डिस्क या एका समजुतीपायी भंगारात गेल्या असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी येऊन गाडी पूर्ण थंड झाल्यावर चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बघितलं. एमरीच्या दुधट ओरखड्यांवर आता एक राखाडी, किंचित निळसर झाक आली होती, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सारखी. कुठे डाग नाही, पट्टा नाही. ओरखडे खाली अजून अंधुक दिसत होते. मी बराच वेळ बघत बसले. इतकी पातळ गोष्ट, आणि तिच्यावर आपण माणसं बसवून डोंगर उतरतो.

ब्रेकला अस्तर लावायची गोष्टही उतारानेच शिकवलेली आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटरगाडी घेऊन, दोन मुलांना बसवून, मॅनहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर, तोवर इतक्या लांब मोटरने कुणी गेलं नव्हतं. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजायला लागले, तेव्हा तिने वाटेत एका चांभाराला गाठून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं अस्तर ते. मोटरच्या इतिहासात ही बाई नवऱ्यामागे झाकली जाते, पण घाट उतरताना मला कार्ल बेंझ नाही आठवत, बर्था आठवते.

रिमवरच्या भुकटीबद्दल एक बोलायचं राहिलं. सिरॅमिक पॅडची पांढुरकी भुकटी रिमवर दिसत नाही म्हणून ती नाही असं नव्हे. ती रस्त्यावर पडते, हवेत जाते. कॅलिफोर्नियाने 2010 मध्येच कायदा केला, कारण पॅडमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर वाहून माशांना घातक ठरत होतं. तांब्याचं प्रमाण 2021 पासून 5 टक्के आणि 2025 पासून 0.5 टक्का, अशी मर्यादा घातली. युरोपच्या वाहन-प्रदूषणाच्या युरो 7 नियमांत तर पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा आली, साध्या मोटारींसाठी किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम. 2017 मध्ये पहिल्यांदा देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलेलं आपलं इंदूर पहाटे रस्ते झाडून धुऊन काढतं. त्याच रस्त्यांवर दिवसभर आपण पॅड झिजवतो. सिग्नल लाल दिसल्यावर शंभर मीटर आधीच पाय काढला तर पॅडही टिकतो आणि भुकटीही कमी उडते. पॅड घेताना तांबं नसलेला मागितला, तर दुकानदारही पुढच्या वेळी ठेवेल.

ठरल्याप्रमाणे आठ दिवस शहरात चालवल्यावर आईला घेऊन जामच्या रस्त्याने निघालो. दरवाज्यापाशी उतरून तिने खालचं निमाड डोळे भरून बघितलं. मग उतार. दुसरा गिअर, इंजिनच गाडीला धरून ठेवतंय, आणि ब्रेक फक्त वळणाआधी, ठामपणे लावून पूर्ण सोडलेला. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवला, तर चांगल्यात चांगला पॅडही तापून ढिला पडतो. आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओढलं गेलेलं पाणी उकळतं, मग पेडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा 155 वर येऊ शकते. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, पावसाळ्याआधी घ्या. आमचं दादांनी पॅड टाकले त्याच दिवशी बदललं होतं, निघालेलं ऑइल चहासारखं काळपट होतं.

मंडलेश्वरला पोचल्यावर मी चाकाजवळ वाकून वास घेतला. काही नव्हता. आई पुढे चालायला लागली होती. मागच्या ड्रम ब्रेकचे शू, म्हणजे तिथले पॅडच म्हणा, मात्र अजून जुनेच आहेत, आणि हँडब्रेक दोन दात जास्त ओढावा लागतो. दादांनी दिवाळीआधी गाडी आणायला सांगितलंय.